खानावळीची गॅस लाइन आणि तिच्या झडपा : कामाच्या नोंदी (अमळनेर, एप्रिल २०२४ ते जानेवारी २०२५)

काम : १२० मुलांच्या वसतिगृहाची खानावळ. आतापर्यंत स्वयंपाकघरातच शेगड्यांच्या बाजूला १९ किलोचे सिलिंडर उभे असायचे, प्रत्येकाला वेगळी रबरी नळी. ते सगळे बाहेर काढायचे, एका लाइनीने गॅस आत आणायचा आणि गळती झाली तर लाइन आपोआप बंद व्हावी अशा झडपा बसवायच्या.

मॅनिफोल्डची (सगळे सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या पाइपांची) जोडणी गॅस एजन्सीच्या मान्य ठेकेदाराच्या फिटरने केली. या नोंदी वाचून कुणी स्वतः पाना उचलू नये. फिटर काय बसवतोय आणि कोणत्या बाजूने बसवतोय, हे शेजारी उभं राहून ओळखता आलं तरी पुष्कळ. खाली प्रेशर ‘किलो’मध्ये लिहिलं आहे, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, गेजवर दिसतं तेवढं.

१५ एप्रिल २०२४

आधी खप मोजला. एक सिलिंडर धान्याच्या काट्यावर ठेवून एकेक शेगडी फुल्ल चालवली. मोठ्या दोन, भाकरीच्या तव्याची एक, मधल्या दोन. पाचही एकदम चालल्या तर तासाला २.४ किलो. हा आकडा पुढे प्रत्येक झडपेला लागतो, अंदाजाने घेऊ नका. दुकानदाराने न मोजताच ‘सहा-सात किलो धरा’ म्हणून सांगितलं होतं.

दोन-दोन सिलिंडरचे दोन गट ठरवले. एक गट चालू, दुसरा राखीव. चार सिलिंडर म्हणजे ७६ किलो. एकूण साठा १०० किलोच्या वर गेला की परवाना लागतो, म्हणून एखादा जादा ठेवायचा झाला तरी पाचवाच (९५ किलो). सहावा कोपऱ्यात उभा करायचा नाही.

भरीताची वांगी गॅसवर भाजणार नाही, असं आचाऱ्यांनी आजच बजावलं. ती मागच्या अंगणात कापसाच्या काड्यांवरच भाजली जातील. तक्रार नाही, भरीत तसंच लागतं. काड्यांची जागा सिलिंडरखोलीपासून किती लांब ते तेवढं मोजलं. ११ मीटर. वारा खोलीकडे वाहत असेल त्या दिवशी आणखी मागे सरकायचं ठरलं.

२२ एप्रिल

पहिली चूक. सिलिंडरखोलीचा ओटा उत्तरेच्या भिंतीला सावलीत बांधायला घेतला. दोन थर चढल्यावर फरशी झाडताना सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण दिसलं, ओट्यापासून हातभर अंतरावर. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत सरपटतो आणि गटार सापडलं की त्यातून थेट स्वयंपाकघराच्या मोरीत निघतो. ओटा तोडून चार मीटर पूर्वेला सरकवला. ३,२०० रुपये आणि तीन दिवस गेले.

नवी खोली : तीन बाजूंनी वीट, समोर जाळीचं दार, वर पत्रा, पत्र्याला पांढरा रंग. जमिनीलगत तिन्ही भिंतींना खिडक्या ठेवल्या. गवंडी सवयीने वर झरोके ठेवत होता, त्यांचा इथे काही उपयोग नाही. खोलीत दिवा, बटण, वायर काहीही नाही.

२ मे

सामान आलं. पाऊण इंची सी-क्लास लोखंडी पाइप १८ मीटर, ४,१०० रुपये. फिटिंग १,९००. पिगटेल (सिलिंडर लाइनीला जोडणारी आखूड नळी) चार, ५५० ला एक. उलट न वाहू देणारे वॉल्व्ह (पुढे ‘एनआरव्ही’) चार, ३८० ला एक. पहिल्या टप्प्याचा रेग्युलेटर ५,४००, दुसऱ्या टप्प्याचा ३,६००.

दोन गोष्टी परत पाठवल्या. पाण्याच्या नळाचे काळे रबरी वॉशर आणि सुतळी-सफेदा. एलपीजीने साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं, तर सुतळीवरचा सफेदा वाळून भेगाळतो. पाण्याच्या लाइनीला सुतळी ओली राहते म्हणून जॉइंट टिकतो. गॅसच्या लाइनीत तिला ओलावा कुठून मिळणार? नायट्राइल रबराचे वॉशर आणि गॅससाठीची जाड टेफलॉन टेप घेतली.

टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडायचा. टोकापर्यंत गुंडाळली तर आत लोंबणारी धांदोटी सुटते आणि कुठल्यातरी झडपेच्या सीटवर (मिटताना झडप टेकते त्या जागी) जाऊन बसते. सिलिंडरकडचे आटे उलटे आहेत, डावीकडे फिरवून आवळतात. मदतनिसाने सुलट समजून जोर लावला, एका पिगटेलच्या नटाचे आटे खराब झाले.

१० ते १३ मे

१० ला आखाजी (अक्षय तृतीया), वेल्डर गावी. १३ ला मतदान. काम बंद.

१४ मे

लाइन वेल्ड केली. आटेदार जॉइंट फक्त वॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या ठिकाणी, बाकी सगळे वेल्ड. गळणार असेल तर तो जॉइंटच गळतो, म्हणून मुळात जॉइंटच कमी ठेवले. भिंतीतून पाइप जातो तिथे दीड इंची पाइपाचा तुकडा बाही म्हणून घातला. पाइप सिमेंटमध्ये थेट गाडला की गंज लागतो आणि दिसतही नाही.

१६ मे

मॅनिफोल्डकडच्या जास्त प्रेशरच्या भागाची चाचणी ठेकेदाराने नायट्रोजनवर २५ किलोला घेतली, टिकली. मग पुढची लाइन, दोन्ही टोकं बंद करून, दुपारी २ वाजता ३ किलोला भरली. ऑक्सिजनच्या सिलिंडरने चाचणी घेणारे फिटर भेटतात. घेऊ देऊ नका. पाइपात तेलाचा अंश असला की तेवढ्यानेही भडका उडतो.

रात्री ९ वाजता गेज २.६ किलो.

१७ मे

अख्खा दिवस गळती शोधण्यात गेला. प्रत्येक वेल्डवर साबणाचं पाणी, ब्रशने, तीन-तीन वेळा. एकही बुडबुडा नाही. दुपारी १ वाजता फिटरने सहज गेजकडे बघितलं, तर काटा आपसूक २.९ वर चढलेला.

गळती नव्हतीच. लाइनीचे नऊ मीटर पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात आहेत. काल दुपारी लोखंडाला हात लागत नव्हता, पाइप ५५ अंशांच्या आसपास असणार. रात्री २५ वर आला. हिशेब असा : आतला खरा दाब हवेचा १ किलो धरून ४ किलो, तापमान २७३ मिळवून ३२८ वरून २९८. ४ गुणिले २९८ भागिले ३२८ म्हणजे ३.६३. त्यातून १ वजा, गेजवर २.६३. आम्हाला दिसलं २.६.

आपल्याकडे मे महिन्यात चाचणी घ्यायची तर पहाटे ५ ते ७ घ्या, किंवा एका पहाटे भरून दुसऱ्या पहाटे त्याच वेळी बघा. १८ च्या पहाटे ३ किलो भरलं, १९ च्या पहाटे काटा जागेवर होता.

साबणाचं पाणी भांड्यांच्या साबणाचं घ्या. अमोनिया असलेलं क्लीनर पितळी फिटिंगला लावू नका, पितळ कालांतराने तडकतं. तपासून झालं की ओल्या फडक्याने पुसून घ्या.

२० मे

झडपांचा क्रम पक्का केला. सिलिंडर, पिगटेल, एनआरव्ही, हेडर (सगळ्या सिलिंडरांचा गॅस जिथे एकत्र येतो तो पाइप), प्रत्येक गटाचा बॉल वॉल्व्ह. मग पहिला रेग्युलेटर, जो सिलिंडरचं प्रेशर १ किलोवर आणतो आणि पुढचं प्रेशर मर्यादेबाहेर चढलं तर खटका पडून बंद होतो. त्यानंतर जादा-प्रवाह वॉल्व्ह (मर्यादेपेक्षा जास्त गॅस धावला की आपोआप मिटणारा), बाहेरच्या भिंतीवर सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप), स्वयंपाकघराच्या दाराबाहेर हाताने बंद करायचा बॉल वॉल्व्ह. आत दुसरा रेग्युलेटर, जो १ किलोचे ३०० मिलीमीटर पाण्याएवढे करतो आणि प्रेशर फार उतरलं तर बंद होऊन बसतो. शेवटी शेगडीगणिक एक कॉक आणि जाळीदार सुरक्षा होज, दीड मीटरच्या आत.

एवढ्या झडपा कशाला, असं व्यवस्थापन समितीने विचारलं. उत्तर आकड्यांत दिलं. बाहेर लाइन तुटली तर जादा-प्रवाह वॉल्व्ह मिटतो. पण नळीला दोन मिलीमीटरची चीर पडली तर तासाला ९०० ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, म्हणजे एका मोठ्या शेगडीएवढाच. या वॉल्व्हला वाटतं, शेगडी चालू आहे. नॉब चालू राहिला आणि ज्योत विझली तर तो प्रवाह रोजचाच, त्याला कुठलीही यांत्रिक झडप ‘गळती’ म्हणणार नाही. अर्धा किलो गॅस म्हणजे पाव घनमीटर. हवेत दोन टक्के झाला की पेटतो, म्हणजे पाव घनमीटरचं बारा घनमीटर पेटतं मिश्रण. आमचं स्वयंपाकघर ६ बाय ४ मीटर. जमिनीपासून अर्धा मीटर उंचीचा थर, साधारण अर्ध्या तासात. ते ओळखायला वास घेणारा डिटेक्टर लागतो आणि त्याच्या सांगण्यावरून बंद होणारा सोलेनॉइड लागतो. समितीने पुढे विचारलं नाही.

२४ मे

जादा-प्रवाह वॉल्व्ह बसवला, १० किलो प्रति तासाचा, १,८५० रुपये. दुकानदार म्हणाला, मोठा असला की उगाच बंद पडणार नाही. बंद पडलाच नाही, खरोखर तुटल्यावरही.

चाचणी अशी घेतली. रेग्युलेटरच्या मागे नायट्रोजन, लाइनीचं शेवटचं टोक उघड्यावर नेऊन बॉल वॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला. फुस्स्स करत सगळा नायट्रोजन निघून गेला, वॉल्व्ह ढिम्म. उलटा बसलाय का बघितलं, बाण बरोबर. उघडून बघितला, स्प्रिंग मोकळी, आतला दट्ट्या मोकळा. दीड दिवस यातच गेला.

कारण कागदावर सापडलं. पहिल्या रेग्युलेटरच्या पाटीवर लिहिलंय, जास्तीत जास्त ८ किलो प्रति तास. मागून आठच किलो येणार असेल, तर दहाला मिटणारा वॉल्व्ह मिटेल कशाला? पुढे पाइप तुटो नाही तर उडो. आधी प्रत्यक्ष खप (२.४), मग मागचा रेग्युलेटर किती देऊ शकतो (८), आणि वॉल्व्ह या दोन्हींच्या मध्ये हवा. खपाच्या दीड ते दोन पट. म्हणजे ४ किलोचा.

लांब किंवा बारीक पाइपाचंही हेच. टोकाला तुटला तरी पाइपच प्रवाह अडवतो आणि वॉल्व्हपर्यंत ‘जादा’ काही पोचत नाही.

३१ मे

४ किलोचा वॉल्व्ह जळगावहून आला, २,१०० रुपये. तीच चाचणी, टोक उघडताच ‘टक्’. तीनदा केली, तीनदा मिटला. नायट्रोजनवर तो लेबलच्या आकड्याआधीच मिटतो, साधारण ३ किलोला, कारण नायट्रोजन गॅसपेक्षा हलका आणि तेवढ्याच वजनासाठी जास्त वेगाने धावतो. तेव्हा नायट्रोजनवरचा आकडा गॅसचा म्हणून वहीत लिहू नका.

मिटल्यावर उघडायचा कसा, यात तासभर गेला. दट्ट्याला बारीक भोक असतं, त्यातून पुढच्या बाजूला हळूहळू दाब भरतो आणि दोन्हीकडे सारखा झाला की स्प्रिंग त्याला मागे ढकलते. पुढे एक जरी कॉक उघडा राहिला तर दाब भरतच नाही, वॉल्व्ह ‘खराब’ वाटतो. सगळे कॉक बंद केले, ४० सेकंदांत टक् करून उघडला. त्या भोकातून मिटलेल्या अवस्थेतही थोडा गॅस जातच असतो. म्हणून वॉल्व्ह मिटला तरी आधी हाताचा बॉल वॉल्व्ह बंद करायचा, मग शोधाशोध.

३ जून

सोलेनॉइड. या नोंदींत सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

पहिला घेतला साधा : वीज असेल तोवर उघडा, गेली की बंद. २,९०० रुपये. वीज गेल्यावर गॅस बंद, कागदावर छान वाटतं. चाचणीसाठी पहिल्यांदाच खरा गॅस सोडला होता, दारं-खिडक्या उघड्या. दोन शेगड्या पेटवल्या, मेन स्विच पाडला. वॉल्व्ह बंद, ज्योती विझल्या. दोन मिनिटांनी स्विच वर केला. वॉल्व्ह खट्कन उघडला आणि दोन्ही शेगड्यांतून न पेटलेला गॅस वाहायला लागला. नॉब उघडेच होते ना, आणि दुसरा रेग्युलेटर या वेळी बंद होऊन बसला नव्हता. फिटरने हाताने दारातला वॉल्व्ह बंद केला.

आमच्याकडे दिवसात दोन-चार वेळा लाइट झपकते. पहाटे चारला गेली आणि पाचला आली, तर आचारी बाहेर दात घासतोय आणि आत गॅस सुटलाय. गळती थांबवायला बसवलेली झडपच गळती करणार. गॅसची झडप स्वतःहून बंद झाली पाहिजे, पण स्वतःहून उघडता कामा नये. ही अट दुकानदाराला सांगून बघा, अर्धे दुकानदार वेगळा वॉल्व्ह असतो हेच कबूल करत नाहीत.

दुसरा एक प्रकार दाखवला गेला, एरवी उघडा आणि डिटेक्टरने वीज दिली की बंद होणारा. वीज गेली की तो बंदच होऊ शकत नाही. नको म्हणालो.

१२ जून

हाताने रिसेट करायचा सोलेनॉइड आला, ७,४०० रुपये, १२ व्होल्ट. वीज तुटली की बंद, परत आली तरी बंदच, वरची मूठ कुणीतरी ओढेपर्यंत. ओढण्याआधी सगळे नॉब बंद करायचे, ते भिंतीवर रंगाने लिहून घेतलं.

लाइट झपकली की दरवेळी पोळ्या थांबायला नकोत म्हणून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि चार्जर, २,३०० रुपये. कॉइल एक अँपिअर घेते, प्रत्यक्षात पाच तास निघतात. कॉइल गरम राहते. हात ठेवता येणार नाही इतकी. ते बिघाडाचं लक्षण नाही, पण तिच्यावर फडकी वाळत घालू नका. (घातली होती.)

१५ जून

डिटेक्टर दोन, ३,८०० ला एक. वायरमनने सवयीने एक छताजवळ लावला, धुराच्या डिटेक्टरसारखा. लायटर न पेटवता त्याचा गॅस जमिनीलगत सोडला. खालचा ११ सेकंदांत वाजला, वरचा गप्प. वरचाही खाली आणला. दोन्ही जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, एक शेगड्यांच्या रांगेच्या टोकाला, एक मोरीकडे.

वाजण्याची हद्द पेटण्याच्या पातळीच्या २० टक्क्यांवर ठेवली, म्हणजे हवेत साधारण ०.४ टक्के गॅस. जोडल्यावर पहिले २४ तास त्याच्या वाजण्या-न वाजण्यावर विसंबू नये. सेन्सर तापून स्थिर व्हावा लागतो.

संध्याकाळी पहिला स्वयंपाक. पिठलं-भाकरी, ३० जणांची.

२ जुलै

मुलं आली. पहिल्या आठवड्यात जादा-प्रवाह वॉल्व्ह दोनदा उगाच मिटला. दोन्ही वेळा सकाळी. रात्री दारातला वॉल्व्ह बंद करतात, तेवढ्यात आतली लाइन रिकामी होते. सकाळी मूठ झटक्यात फिरवली की रिकाम्या लाइनीत गॅस धावतो आणि वॉल्व्हला ती तुटफूट वाटते. मूठ पाच आकडे मोजत उघडायची. तेव्हापासून एकदाही नाही.

९ जुलै

महिन्याची तपासणी. सोलेनॉइड बंद करून पुढच्या कॉकला पारदर्शक नळीचा यू जोडला, आत कुंकवाचं पाणी. खरं तर पाणी हलायला नको. दहा मिनिटांत ४५ मिलीमीटर चढलं. म्हणजे बंद सोलेनॉइडमधूनही गॅस आत जातोय.

उघडला. सीटवर राखाडी बारीक चुरा, वेल्डिंगचा आणि पाइपाच्या आतल्या पापुद्र्याचा. लाइन नायट्रोजनने फुंकली होती, पण फुंकताना पाइपावर लाकडी हातोड्याने ठोकायचं राहिलं. पापुद्रा महिनाभराने सुटला. सीट पुसली, आधी जाळीची गाळणी बसवली (६५० रुपये), पुन्हा यू लावला. अर्धा तास, पाणी जागच्या जागी. ही गाळणी पहिल्याच दिवशी हवी होती. साडेसात हजारांच्या झडपेपुढे साडेसहाशेचं काम चुकवलं.

११ ऑगस्ट

दुसऱ्या गटातला डावा सिलिंडर दोन खेपेला भरलेलाच परत जाऊ पाहत होता. एजन्सीचा माणूस उचलताना म्हणाला, हा तर जड आहे. उजवा मात्र दुप्पट वेगाने संपायचा आणि त्याच्या खालच्या अंगाला दव धरायचं. डाव्याच्या एनआरव्हीचा बाण बघितला, उलटा. तो हेडरकडून सिलिंडरकडे वाहू देत होता आणि सिलिंडरकडून काहीच नाही. म्हणजे पिगटेल काढताना जो वॉल्व्ह हेडरचा गॅस अडवणार, तोच नेमका सोडत होता.

बाणाचे चारही फोटो काढून ठेवा, बसवल्याच दिवशी. सिलिंडर बदलताना दोन्ही एकदम बदलायचे, एक नवा एक जुना असं नाही.

आतापर्यंतचा खर्च ७८ हजारांच्या घरात. त्यात सरकवलेला ओटा, मोठा जादा-प्रवाह वॉल्व्ह आणि पहिला सोलेनॉइड मिळून ७,९५० रुपये निव्वळ पाण्यात. दुकानदाराने एकही परत घेतला नाही.

१८ सप्टेंबर

मोरीकडचा डिटेक्टर गेले दोन महिने फिनेल टाकलं की वाजायचा. हात धुण्याच्या स्पिरिटलाही वाजला. ते चालवून घेतलं, फरशी पुसायच्या आधी दारं उघडायची एवढंच. या महिन्यात उलटं झालं, लायटरच्या गॅसलाही तो गप्प. हिरवा दिवा मात्र चालू.

मागच्या आठवड्यात मोरीच्या कडेला सिलिकॉनचं सीलंट भरलं होतं, डिटेक्टरपासून दोन फुटांवर. या जातीच्या सेन्सरच्या मण्याला सिलिकॉनची वाफ बाधते, तो कायमचा बधिर होतो. नवा घेतला, आणखी ३,८००. जागा ३० सेंटिमीटरवर नेली आणि फरशी धुताना पाणी उडू नये म्हणून पत्र्याची टोपी लावली. हिरवा दिवा म्हणजे वीज आहे, एवढंच. दर पंधरा दिवसांनी लायटरचा गॅस, न पेटवता, आणि त्या वेळी शेगड्या बंद.

२४ डिसेंबर

थंडी. पहाटे ९ अंश. चहाच्या वेळी सगळ्या ज्योती बारीक होत होत विझल्या, दुसरा रेग्युलेटर बंद होऊन बसला. गळती कुठेच नाही. मॅनिफोल्डचं गेज ०.८ किलो. उन्हाळ्यात दुपारी हेच गेज पावणेआठ दाखवायचं.

सिलिंडर अर्धे संपले की त्यातला हलका गॅस आधी उडून गेलेला असतो, उरतो तो थंडीत नीट न उकळणारा. त्यात एकेका सिलिंडरमधून तासाला सव्वा किलो ओढला की सिलिंडर स्वतःच आणखी गार पडतो. पहिल्या रेग्युलेटरला १ किलो द्यायलाच मागे १ किलो नाही. रेग्युलेटर बंद पडला ते बरोबरच केलं. तसं न होता सिलिंडर बदलला असता, तर विझलेल्या शेगड्यांतून गॅस आला असता.

उपाय : डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटेच्या वेळी दोन्ही गट उघडे. चार सिलिंडरांत वाटला की प्रत्येकी सहाशे ग्रॅम, तेवढं झेपतं. गरम पाण्याचं पातेलं सिलिंडरला लावायचं नाही. आणि आडवा तर करायचाच नाही. मदतनिसाने शेवटचा गॅस काढायला एक आडवा केला होता. त्याने द्रव पिगटेलमध्ये येतो, पुढे रेग्युलेटरमध्ये.

दुसऱ्या रेग्युलेटरच्या रिसेटचं (बंद पडल्यावर पुन्हा चालू करायचं) बटण कुठलं ते आचाऱ्यांना दाखवलं. त्यांनी फिटरला विचारलं, “भाऊ, हाई बटन रोज दाबनं पडी का?”

“सिलिंडर संपना का दाबनंच पडी, आप्पा. पन पहिले समदा नॉब बंद.”

७ जानेवारी २०२५

ज्योती आता विझत नाहीत, रेग्युलेटर एकदाही बंद पडला नाही, असा निरोप. शंका आली म्हणून जाऊन बघितलं. दुसऱ्या रेग्युलेटरच्या रिसेट बटणाला तांब्याची तार, मोटारीच्या वाइंडिंगमधली. तीन वेढे बटणाभोवती, दोन मानेभोवती, पकडीने पीळ दिलेला. बटण कायम दाबलेलं. झडप जागेवर, काम शून्य.

तार काढली. रागावण्यात अर्थ नव्हता, बटण शेगडीच्या मागे होतं, तव्यावरून वाकून दाबावं लागायचं. पहाटे चारला वाफेत हात घालून. ठेकेदाराला पुन्हा बोलावून रेग्युलेटर दाराशेजारी छातीच्या उंचीवर आणला. दीड मीटर पाइप, दोन बेंड, पुन्हा पहाटेची चाचणी. १,४०० रुपये. तार वहीला टाचून ठेवली आहे.

१९ जानेवारी

सहामाही तपासणी. जादा-प्रवाह वॉल्व्ह नायट्रोजनवर मिटला, ३५ सेकंदांत उघडला. सोलेनॉइड बंद करून यू नळी अर्धा तास, फरक नाही. वीज पाडून परत दिली, मूठ ओढेपर्यंत बंद. डिटेक्टर ९ आणि १२ सेकंद. चारही एनआरव्हीचे बाण फोटोशी ताडले. रिसेट बटण मोकळं. पाचही होजवर पिवळ्या रंगाने जून २०२९ लिहिलं, पाच वर्षांची मुदत त्या महिन्यात संपते. गळतीचा वास आला तर फिरवायचा १९०६ हा नंबर दारावर होता, त्यावर कॅलेंडर लटकवलेलं होतं. कॅलेंडर हलवलं.